जाहिरातीतील गाडी आणि दारातील गाडी : सांगली-मिरज भागात जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांशी व्यवहार कसा करावा?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. गेल्या पंधरवड्यातील अनुभव सविस्तर लिहितो आणि जाणकारांचा सल्ला मागतो. वडिलांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. रिक्षाची ये-जा आता त्यांना झेपत नाही, म्हणून पाच लाखांच्या आतील जुनी पेट्रोल गाडी घ्यायचे आम्ही ठरवले. एका संकेतस्थळावर जाहिरात दिसली : ‘२०१९ मॉडेल, सिंगल ओनर, ४२,००० किलोमीटर, नॉन-ॲक्सिडेंटल, एमएच १० पासिंग, कर्ज नाही, किंमत ४ लाख ८५ हजार.’ फोन केल्यावर व्यापाऱ्याने सांगितले की उद्या आणखी दोन गिऱ्हाइके गाडी पाहायला येणार आहेत, विसार पाठवलात तर तुमच्यासाठी राखून ठेवतो. मी त्याच संध्याकाळी २५,००० रुपये यूपीआयने पाठवले. गाडी पाहण्याआधी पैसे पाठवायला नको होते, हे मला आज कळते.

दुसऱ्या दिवशी गाडी पाहिली, ती दिसायला उत्तम होती. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) मागितली तेव्हा मोबाइलवरील एक अस्पष्ट छायाचित्र दाखवण्यात आले. गाडीच्या कप्प्यात जुन्या सर्व्हिसचे एक बिल सापडले आणि त्यावर २०२२ सालातील नोंद ६८,४०० किलोमीटरची होती, तर समोरचा मीटर आजही ४२ हजारच दाखवत होता. बिलाचा फोटो मी काढून ठेवला. घरी येऊन एमपरिवहन या सरकारी ॲपवर क्रमांक टाकला, तर गाडीची निर्मिती नोव्हेंबर २०१८ ची, नोंदणी फेब्रुवारी २०१९ ची, मालकाचा अनुक्रमांक दोन आणि वित्तसंस्थेचा बोजा (कर्जाची नोंद) अजून चढलेलाच, असे दिसले. एका ओळीच्या जाहिरातीत इतकी विधाने चुकीची निघावीत, याने मी हादरून गेलो.

व्यापाऱ्याला विचारले तेव्हा उत्तर मिळाले की जाहिरात कामावरच्या मुलाने टाकली आहे, टायपिंगमध्ये चूक झाली असेल, गाडी ज्याने त्याने पाहून घ्यायची असते आणि विसार परत मिळत नाही. माझे दोन प्रश्न आहेत. विसार परत मिळवण्याचा मार्ग कोणता? आणि पुढची गाडी पाहताना जाहिरातीतील कोणता शब्द कशावरून पडताळावा? दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही.

गॅरेज_माधवनगर

साहेब, आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. मी गेली बावीस वर्षे गॅरेज चालवतो आणि महिन्यातून पाच-सहा जण तरी जुनी गाडी दाखवायला आणतात. दुर्दैवाने त्यांतील बहुतेक जण पैसे देऊन झाल्यावर येतात.

किलोमीटरचा आकडा सरकारी नोंदीत कोठेही नसतो. एमपरिवहनवर मालकाचा अनुक्रमांक, विमा, पीयूसी, बोजा हे दिसते, पण मीटर दिसत नाही. म्हणूनच सर्वांत जास्त खोटे तेथे बोलले जाते. डिजिटल मीटर मागे घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि समोरचा आकडा पाहून ते ओळखू येत नाही. मी गाडीच्या झिजेकडे पाहतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी ४२ हजार चालली असे सांगतात आणि चारही टायर एकदा बदललेले आहेत, ब्रेकच्या तबकडीला काठ आला आहे, क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, तर आकडा जुळत नाही. काही गाड्यांत मीटरशिवाय इतर कंट्रोल युनिटमध्येही किलोमीटरची नोंद राहते, ती स्कॅनर लावल्यावर सापडते. तरीही अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंद ही सर्वांत भक्कम. ती मालकालाच दिली जाते, म्हणून व्यापाऱ्याला सांगावे की मूळ मालकाकडून ती मागवून द्या. देता येत नाही म्हणाला, तर किलोमीटर न धरता गाडीची किंमत करावी.

‘नॉन-ॲक्सिडेंटल’ या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंना वेगळा असतो. आपण समजतो की गाडीला कधी धक्का लागलेला नाही. व्यापारी म्हणतो, चासीला (मूळ सांगाड्याला) मार नाही, बाकी डेंटिंग-पेंटिंग तर प्रत्येक गाडीला होतेच. बॉनेटच्या आणि दरवाज्याच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवर पाना लागल्याची खूण आहे का ते पाहावे. दरवाज्याचे रबर थोडे ओढून त्याखालचे कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर आहेत का ते पाहावे. काचांवरील वर्षाच्या खुणा एकमेकींशी जुळतात का तेही पाहावे. शिवाय विम्याची पॉलिसी वाचावी, हे फार थोडे लोक करतात. दावा न केल्याबद्दलची सवलत दरवर्षी वाढत जाते : २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. एकाच मालकाकडे सहा वर्षे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर ही सवलत शून्य दिसली, तर आदल्या वर्षी दावा झाला आहे किंवा मध्ये विमा खंडित झाला आहे. दोन्ही गोष्टींचे कारण विचारलेच पाहिजे.

आता सांगलीकरांनी विशेष जपावे अशी गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आले. शामरावनगर, मारुती चौक, गावभाग येथील तळघरांत आणि अंगणांत उभ्या असलेल्या किती गाड्या बुडाल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, कारण त्यांतील काही आमच्याच गॅरेजमध्ये टोचन लावून आल्या. नदीचे पाणी नुसते पाणी नसते, त्यात बारीक गाळ असतो, आणि येथे पाणी लवकर ओसरत नाही. गाडीचा मजला कित्येक दिवस गाळात राहतो. विमा कंपनी अशी गाडी टोटल लॉस (दुरुस्त करणे न परवडणारी) ठरवते, सांगाडा लिलावात जातो, कोणी तरी तो स्वस्तात घेतो, धुऊन, सीटची कव्हरे बदलून, अत्तर मारून पुन्हा विकायला उभा करतो. आपल्याकडची बुडालेली गाडी येथे विकत नाहीत, ती लांब जाते, आणि त्याच न्यायाने लांबची बुडालेली गाडी आपल्याकडे येते.

ओळखायची कशी? सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. रोजच्या वापरात पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग बाहेर येत नाही, धुणाराही तेथपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे गाळाची रेषा तेथे टिकते. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्याच्या कडा बोटाने खरवडाव्यात. पुढच्या सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट गंजले आहेत का ते पाहावे, कारण गाडीच्या आत कोरड्या जागी गंज चढण्याचे कारणच नसते. डॅशबोर्डखाली टॉर्च धरून वायरींच्या कनेक्टरवर हिरवट थर आहे का ते पाहावे. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचे कंट्रोल युनिट दोन सीटच्या मधल्या भागात, मजल्यालगत असते. ते भिजले असेल तर आज डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागेलच असे नाही, पण अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडेलच असे कोणी सांगू शकत नाही. आपल्या वडिलांना त्या सीटवर बसवायचे आहे, म्हणून हे इतके लांबवून लिहिले.

तासगावची_लेक

दादा, वरील सर्व माहिती उपयोगाची आहे. मी विकणाऱ्याच्या बाजूचा अनुभव सांगते, कारण ‘सिंगल ओनर’ हा शब्द कोठून जन्माला येतो ते त्यातून कळेल. दोन वर्षांपूर्वी मी माझी गाडी एका व्यापाऱ्याला दिली. त्याने पूर्ण पैसे दिले, कोऱ्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म) माझ्या सह्या घेतल्या आणि ‘नाव आम्ही बदलून घेऊ’ असे सांगितले. पुढे अकरा महिने माझ्या मोबाइलवर ई-चलने येत राहिली. एकदा पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, एकदा नगरचे. गाडी तोपर्यंत किमान दोघांनी वापरली होती, पण कागदावर मालक मीच होते. त्याच काळात तीच गाडी ‘पहिला मालक, महिलेने वापरलेली’ म्हणून पुन्हा जाहिरातीत दिसली.

म्हणजे एमपरिवहनवर मालकाचा अनुक्रमांक एक दिसला, तरी जाहिरात खरी ठरत नाही. नाव न बदलल्यामुळेच ती खरी दिसते. माझा विकणाऱ्या सर्वांना कळकळीचा आग्रह आहे की कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नये, कारण आपली ती सही पुढच्या गिऱ्हाइकाच्या फसवणुकीचे साधन होते.

अजिंक्यतारा (सातारा)

मी सातारा येथे वकिली करतो. ताईंनी मांडलेला मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक, मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी ताईंवर आली असती. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यायचे असते आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना मालकाने फॉर्म २९ सी द्वारे तशी सूचना द्यायची असते. ती नोंदवली गेली की गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी त्याची होते. त्यामुळे अधिकारपत्र आहे का, हा व्यापाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न असावा.

आता कृष्णाकाठ साहेबांच्या विसाराबद्दल. ‘गाडी पाहून घ्यायची असते’ हे वाक्य प्रत्येक व्यापाऱ्याच्या तोंडी असते, म्हणून त्याचे कायद्यातील स्थान समजून घ्यावे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विक्री होते तेव्हा वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, ही अट करारात गृहीतच असते. आपण गाडी न पाहता, केवळ जाहिरातीवरून विसार दिला, म्हणजे व्यवहार वर्णनावरूनच ठरला. व्यवहाराच्या दृष्टीने ती घाई होती, पण कायद्याच्या दृष्टीने तीच आपल्या बाजूची आहे. संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १९ मध्ये एक अपवाद आहे : नेहमीची काळजी घेऊन सत्य कळू शकले असते, तर चुकीच्या निवेदनाच्या आधारे करार रद्द करता येत नाही. व्यापारी याचाच आसरा घेतात. मात्र जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला हा अपवाद लागू होत नाही. म्हणून मीटरचा मुद्दा बाकीच्या मुद्द्यांपेक्षा वजनदार आहे. २०१८ च्या जागी २०१९ लिहिणे ही चूक असू शकते, पण ६८ हजारांचे ४२ हजार टायपिंगमध्ये होत नाहीत, कारण मीटरही तेच दाखवतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या कलम २(२८) मध्ये आहे, आणि रकमेचा काही भाग दिलेला व काही देण्याचे कबूल केलेले असले तरी आपण ग्राहक ठरता. तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे व्यापारी कोल्हापूरचा किंवा पुण्याचा असला तरी आपल्याला सांगली सोडावी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. एक सावधगिरी सांगतो : गाडी व्यापाऱ्याकडून न घेता खासगी मालकाकडून घेतली असेल, तर सामान्यतः हा मार्ग मिळत नाही, मग दिवाणी न्यायालयातच जावे लागते.

आज रात्रीच जाहिरातीचे स्क्रीनशॉट दुवा, दिनांक आणि वेळेसह घ्यावेत, व्यापाऱ्याशी झालेले व्हॉट्सॲप संभाषण पुसू नये आणि ज्या मोबाइलवर ते आहे तो बदलू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यानंतर साध्या भाषेत एक पत्र लिहावे : जाहिरातीत असे होते, प्रत्यक्षात असे आढळले, म्हणून करार रद्द करीत आहे, १५ दिवसांत २५,००० रुपये परत करावेत. ते स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोचपावती जपून ठेवावी. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. माझ्या अनुभवात विसाराची बरीच प्रकरणे पत्रावरच मिटतात.

जुनी_गाडी_आष्टा

मी स्वतः जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो आणि येथे लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. साहेबांच्या बाबतीत घडले त्याचे समर्थन मी करत नाही. मीटर मागे घेणारे आमच्या धंद्यात आहेत आणि त्यांच्यामुळे सरळ व्यवहार करणाऱ्याची किंमत पडते. माझी ७० हजार चाललेली गाडी मी ७० हजारच लिहितो, शेजारचा तशीच गाडी ४५ हजार लिहून वीस हजार रुपये जास्त घेतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडेच जाते.

परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. गाडी आमच्याकडे येते तेव्हा मीटर आधीच मागे घेतलेला असू शकतो, कारण विकणारा मालकही जास्त किमतीच्या लोभात असतो. वित्तसंस्थांच्या लिलावातून येणाऱ्या गाड्यांचा तर इतिहासच मिळत नाही. अशा वेळी व्यापाऱ्याने ‘मीटरवरील आकडा, पडताळलेला नाही’ असे लिहावे. मी तसे लिहितो. दुसरे, काही जण जाहिरातीत किंमत कमी दाखवतात आणि बिल करताना ‘जीएसटी १८ टक्के वेगळा’ म्हणतात. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे हे खरे, पण नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो सामान्यतः खरेदी आणि विक्री यांतील फरकावर भरावा लागतो. ४ लाखांना घेतलेली गाडी ४ लाख ४० हजारांना विकली तर कर ४० हजारांवर आहे. संपूर्ण ४ लाख ४० हजारांवर १८ टक्के मागणारा ७९ हजारांहून अधिक रक्कम मागतो, आणि ती सगळी कराची नसते.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. आष्ट्याच्या साहेबांचे विशेष, कारण त्यांनी धंद्यात राहून हे लिहिले. तरी एक गोष्ट नम्रपणे मांडतो. आकडा पडताळलेला नसेल, तर तो जाहिरातीत ठळक अक्षरांत का द्यावा? गिऱ्हाईक त्या आकड्याकडे पाहूनच फोन करते. पडताळणीचा भार शेवटी माझ्यावरच असेल, तर माझ्याकडून विसार घेण्याआधी ते मला सांगायला हवे होते.

कोयनाकाठ (कराड)

पासिंगबद्दल, म्हणजे गाडी कोठे नोंदवली आहे त्याबद्दल, थोडे. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा घालण्यात आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात आणि येथे नव्याने नोंदवून ‘एमएच ५० (कराड) पासिंग’ म्हणून विकल्या जातात. जाहिरात शब्दशः खरी असते, पण गाडीचे मागील आयुष्य त्यातून कळत नाही. आरसीवरील निर्मितीचा महिना आणि येथील नोंदणीचा दिनांक यांत काही वर्षांचे अंतर असेल, तर पूर्वीचा क्रमांक मागावा. गाडी अजून कर्नाटकाच्या क्रमांकावर असेल, तर फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील वाहन कर (रोड टॅक्स) कोण भरणार, हे आधी लिहून घ्यावे.

अजिंक्यतारा (सातारा)

‘लिहून घ्यावे’ हाच माझ्या मते या सर्व चर्चेतील कळीचा शब्द आहे. आपल्याकडे विसाराची पावती म्हणजे गाडीचा क्रमांक, रक्कम आणि सही एवढेच असते, आणि पाठीमागे ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली’ असे छापलेले असते. त्या पावतीवर जाहिरातीतील प्रत्येक शब्द उतरवून घ्यावा : निर्मितीचा महिना व वर्ष, मालकाचा अनुक्रमांक, मीटरवरील आकडा आणि तो खरा असल्याचे विधान, अपघात व पूर यांबाबतचे विधान, बोजा कोण आणि कोणत्या दिनांकापर्यंत उतरवणार, नाव कोण बदलणार. यांपैकी काही खोटे निघाल्यास विसार पूर्ण परत मिळेल, हे एक वाक्य त्याखाली घ्यावे. व्यापारी सही करायला कचरला, तर ज्या शब्दावर तो थांबला तोच शब्द तपासायचा, असे मी माझ्या पक्षकारांना सांगतो. आणि बोजा उतरल्याचे वित्तसंस्थेचे पत्र व फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

कृष्णाकाठ (सांगली)

पाच आठवड्यांनी पुढची हकिकत लिहीत आहे. वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पत्र पाठवले, त्यात सर्व्हिसच्या बिलाचा फोटो जोडला आणि त्याच दिवशी १९१५ वर तक्रार नोंदवली. अकराव्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. आधी तो २०,००० देतो म्हणाला. मी नकार दिल्यावर दोन दिवसांनी पूर्ण २५,००० रुपये खात्यात जमा झाले. ‘तक्रार मागे घेतो’ असे लिहून द्या, असा त्याचा आग्रह होता. मी फक्त रक्कम मिळाल्याची पोच दिली.

दरम्यान माधवनगरला गॅरेजवाले साहेबांना दोन गाड्या दाखवल्या. पहिलीचा पट्टा ओढल्यावर शेवटच्या हातभर भागात तपकिरी रेषा निघाली आणि आम्ही तेथूनच परतलो. दुसरी ८१,००० किलोमीटर चाललेली आहे, जाहिरातीतही तेवढाच आकडा होता आणि सर्व्हिसच्या नोंदीही जुळल्या. पावतीवर वरील सर्व विधाने लिहून घेतली, व्यापाऱ्याने न कचरता सही केली. नाव बदलण्याचा अर्ज भरला आहे. वडील कालच तिच्यातून मिरजेला जाऊन आले.

आज सकाळी ती जुनी जाहिरात पुन्हा पाहिली. ‘सिंगल ओनर’ काढून आता ‘सेकंड ओनर’ लिहिले आहे, किंमत दहा हजारांनी उतरवली आहे, परंतु ४२,००० हा आकडा तसाच आहे. माझे पैसे परत मिळाले असले, तरी ती गाडी उद्या दुसऱ्या कोणाच्या दारात जाईल. अजिंक्यतारा साहेबांना फोनवर विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम १७ नुसार अनेकांच्या हिताला बाधा आणणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार करता येते. अर्ज तयार केला आहे, सोबत दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट आणि ६८,४०० चे ते बिल जोडले आहे. सोमवारी विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन देणार आहे.